भूकंपशेठचा फोन

कल्पेशनं आरडाओरडा करून सगळी इमारत रिकामी केली, तेव्हा रस्त्यावरून फक्त एक कंटेनरचा ट्रक गेला होता! दादाच्या जुन्या स्मार्टफोनमध्ये त्यानं भूकंप ओळखणारं अॅप घातलं होतं. जमीन हलली की पडद्यावरची रेघ उडायची, आणि रेघ उडाली की आमचा हा उरणचा पठ्ठ्या जिन्यावरून ओरडत सुटायचा. दिवाळीच्या सुट्टीत पनवेलला मामाकडे आला आणि पहिल्याच दिवशी त्याचा भूकंपशेठ झाला.

मामेबहीण रोशनी मात्र हसली नाही. तिची मैत्रीण मंगळी डोंगराखालच्या वाडीत राहायची. मंगळीच्या घराची मातीची भिंत रोज थोडी थोडी तडकत होती, आणि तिचा तान्हा भाऊ जैतू त्याच भिंतीलगत झोळीत झोपायचा. वरच्या दगडखाणीचे मुकादम दयाराम सांगायचे, न्हावा शेवा बंदराची मालगाडी जाते ना, तिच्यानंच घर हलतं. मोठ्यांनी ते मुकाट्यानं मानलं होतं.

"गाडी तर मी जन्मायच्या आधीपासून जाते," मंगळी म्हणाली. "भिंत यंदाच फुटते हाय."

तिघांनी फोन उंबऱ्यावर ठेवला. दुपारी गाडी आली तशी रेघ थरथरू लागली आणि मध्येच एकदम उंच उडाली. दुसऱ्या दिवशीही तेच. लक्ष्मीपूजनाला खाण बंद होती. गाडी आली, रेघ थरथरली, पण ती उडी काही दिसेना. रोशनीनं आनंदानं कल्पेशच्या पाठीत असा धपाटा घातला की बिचारा कळवळला. खाणवाले गाडीच्या धडधडाटात लपवून सुरुंग उडवत होते, तेही इशाऱ्याचा भोंगा न वाजवता!

पण भूकंपशेठवर विश्वास कोण ठेवणार? रोशनीनं तिच्या बाबांच्या, म्हणजे कमळाकरमामांच्या मागे भुणभुण लावली. खाण पुन्हा सुरू झाली त्या दिवशी तलाठी वेणूताईंना घेऊन मामा वाडीत आले. पोरांचा खेळ बघायला दयारामही हसत हसत आले. मंगळीची आई सुनिता जैतूला घेऊन बाहेर चिंचेखाली बसली होती. रोशनीनं दयारामांना आग्रह करून घरात बसवलं, चहा दिला. खाट मात्र मुद्दाम भिंतीपासून लांब, दाराशीच टाकली होती, रोशनी काही इतकी दुष्ट नव्हती.

खाणीवर फोन लावायला दयारामांनी हळूच मोबाइल काढला. रेंज नव्हती. इकडे त्यांच्या कपाळाला घाम, तिकडे लांबून गाडीची शिट्टी. मुकादमसाहेब चहा टाकून उठले आणि धावत थेट चिंचेपाशी पोचले.

"काका, चहा राहिला की," रोशनी म्हणाली.

तेवढ्यात जमिनीखालून धप्प झालं. रेघ उडाली, आणि भिंतीचा मोठा तुकडा रिकाम्या झोळीवर कोसळला. सुनितानं जैतूला छातीशी घट्ट धरलं. तिला रडूच फुटलं.

वेणूताई दयारामांकडे वळल्या. "गाडी तर रोजचीच. मग आज पळालात कशाला?"

वेणूताईंनी तिथूनच माणूस धाडून खाण थांबवायचा निरोप पाठवला आणि भिंत नवी बांधून द्यायचं दयारामांकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. मग कल्पेशच्या हातातला फोन त्यांनी कौतुकानं पाहिला.

"पोरांनो, शाबास! पुरावा तुमच्या फोननं दिला," त्या म्हणाल्या, "पण धक्क्याची आगाऊ सूचना दिली ती मुकादमांच्या पायांनी."

त्या संध्याकाळी मामांनी फराळाचं पहिलं ताट भूकंपशेठपुढे ठेवलं.