रिकाम्या नालीतला प्रवाह

हे खरं आहे. खोटं असतं तर मला झोप लागली असती.

जागा हडपसरचा एक कारखाना. मार्चमधला गुरुवार, सकाळचे अकरा, लख्ख ऊन. रात्रच असायला हवी असं काही नसतं.

माझी खराडीतली कंपनी वितळलेल्या अ‍ॅल्युमिनिअमचा प्रवाह मोजायचं यंत्र बनवते. सातशे अंशांच्या धातूत बुडवलेलं काही फार टिकत नाही. म्हणून आम्ही त्याला स्पर्शच करत नाही. भट्टीपासून साच्यापर्यंत उघडी नाली असते, तिच्या दोन्ही बाजूंना चुंबक बसवतो. वाहता धातू चुंबकांना किंचित ओढतो. ती ओढ मोजली की वेग कळतो.

नियम एकच. झिरोचं बटण नाली रिकामी असतानाच दाबायचं.

फेब्रुवारीत कारखान्यात बडे पाहुणे येणार होते. मॅनेजर दत्तप्रसाद सर घाई करत होते, मला उशीर झाला होता. धातू सुटला होता...

आणि मी झिरो दाबला.

वाहता धातू यंत्राने शून्य धरला.

साच्यापाशी दिगंबर होता. यवतमाळकडचा, बारा वर्षं भट्टीवर काढलेला. धातूवरची साय थांबलेली दिसत होती. अ‍ॅल्युमिनिअमचं असंच असतं, वर साय थांबते आणि खालून धातू जात राहतो. त्याला शंका आली.

"मॅडम, मले तं वाहून राह्यल्यासारखं वाटते."

"स्क्रीन बघा ना. शून्य आहे."

त्याने माझं ऐकलं. साचा काढायला खाली वाकला.

पुढचं लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी मी गुपचूप रिकाम्या नालीवर पुन्हा झिरो घेतला. चौकशीत यंत्र बरोबर निघालं. दिगंबरच्या मृत्यूच्या अहवालात आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. खाली माझी सही आहे.

महिन्याने, त्या गुरुवारी, मी यंत्र तपासायला गेले. सुट्टीचा दिवस. भट्टी गार, नालीत धूळ. स्क्रीनवर शून्य.

मग... बारा.

चुंबकांवर परिणाम नको म्हणून मोबाइल लांब ठेवला. लोखंडी हातगाडी बाहेर ढकलली. वॉचमनलाही बाहेर पाठवलं.

अठरा... तेवीस.

नालीत वीजवाहक काहीतरी हलल्याशिवाय आकडा हलत नाही. इथे धूळसुद्धा हलत नव्हती.

भीतीच्या आधी मला राग आला. मी पुन्हा झिरो दाबला.

शून्य. दोन मिनिटं शून्य.

मग... उणे तेवीस.

वाहत्या वस्तूवर झिरो घेतला, की ती थांबल्यावर आकडा उणे जातो. म्हणजे जे वाहत होतं, ते आता थांबलं होतं.

माझ्यासमोर.

गार विटांवरून तोंडावर धग आली...

बाहेर येऊन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, फेब्रुवारीतला झिरोसुद्धा.

"अहो मॅडम, आपण गुरुवारचा उपास धरता का?" ते शांतपणे म्हणाले. "उपाशीपोटी असं होतं. घरी जा, खिचडी खा. अहवाल दाखल झालाय."

मी घरी गेले नाही. हडपसरजवळच्या मांजरी गावात दिगंबरच्या बायकोकडे गेले. शालूला खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. तिने चहा टाकला.

"रोज सांगो मी त्याइले, ध्यान देऊन काम करत जा म्हणून. नाही ऐकलं. आता रागच येते मले त्याइचा."

आताच बोलायचं होतं. तोंडही उघडलं.

"होतं कामात असं कधी कधी," मी म्हणाले. चहा संपवला आणि निघाले.

त्यानंतर चार कारखान्यांत यंत्रं बसवली. नाली कोरडी असते, स्क्रीनवर शून्य असतं. मी जवळ गेले की आकडा उणे जातो. दुसरं कुणी गेलं तर जात नाही. कारण मला माहीत नाही, आणि कुणाला विचारायची हिंमतही नाही.

हे इथे लिहिलं, तेही कारखान्याचं नाव न घालता. माझी हिंमत एवढीच.

शालू अजून नवऱ्यावरच रागावलेली आहे.