रिक्तचित्र

दिनांक १४ नोव्हेंबर २०४१, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. टेबलावर राउटर तीन.

तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले विद्याधर टिपणीस नाशिकच्या आपल्या सदनिकेत ते पारखत होते. राउटर आणले होते त्यांची जुनी विद्यार्थिनी फरीदा मुल्ला हिने. त्यांची अट एकच होती : अखेरच्या घटका मोजणाऱ्या जुन्या राउटरमधले रिक्तचित्र नव्यात चालले पाहिजे.

माणसाचे शरीर राउटरच्या लहरी थोड्या शोषून घेते. त्या शोषणावरून यंत्र घरातली माणसे मोजते. मात्र तुलनेसाठी रिकाम्या घराचे लहरीचित्र आधी नोंदवावे लागते. तेच रिक्तचित्र.

पहिला राउटर कंपनीने कुलूपबंद केलेला, म्हणून बाद. दुसऱ्यावर मुक्त-स्रोत फर्मवेअर, म्हणजे कुणालाही बदलता येणारी आतली आज्ञावली, चालत होते, पण चिप वेगळी, जुने चित्र न वाचणारी. तिसरा बोजड, तीन अँटेनांचा. चिप मात्र जुन्यासारखीच.

“नवीन चित्र पाच मिनिटांत निघेल, सर. हे जुनं कशाला?”

टिपणीसांनी चष्मा पुसला. “जुना राउटर बसवला तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, चित्र नोंदवताना घर रिकामं करा. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वैजयंती आत पलंगावर होती.”

त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना जाऊन सात महिने झाले होते, आणि टिपणीसांनी घरातली एकही वस्तू जागची हलवली नव्हती.

“प्रॅक्टिकलला आम्ही असं केलं असतं, तर तुम्ही शून्य दिलं असतंत.”

“दिलंच असतं. पण घर म्हटलं की ती त्यात आलीच गं. वेगळी मोजायचं सुचलंच नाही.”

सात महिने यंत्र एकच आकडा दाखवत होते, हेही त्यांनी सांगितले. ते घरात असले तरी शून्य, बाहेर गेले तरी शून्य. पहिले शून्य त्यांना उमगले होते, रिक्तचित्रात एक माणूस आधीच धरलेले होते; दुसरे खुपत होते.

फरीदाने तिसऱ्या राउटरवर मुक्त फर्मवेअर चढवले, रिक्तचित्र उतरवले आणि मोजणीची आज्ञावली उघडली. एका ओळीवर तिचे बोट थांबले. शून्याखालचा कोणताही आकडा ती ओळ शून्य करून टाकत होती. माणसे उणे असू शकत नाहीत, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते.

“जुन्या राउटरमध्येही हीच ओळ असणार. काढू, सर?”

“काढ.”

दोघे गॅलरीत गेले. टिपणीसांनी दार ओढून घेतले, त्या दिवशी ओढले होते तसेच, आवाज न करता. फरीदाने हातातल्या फोनचा पडदा त्यांच्यापुढे धरला.

घरातील माणसे : उणे एक.