वाऱ्याआड

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी सात वाजता येल्टे सायकल बाहेर काढत होता आणि त्याची बायको फ्राउक्ये दारात उभी राहून शेवटच्या सूचना देत होती.

"पडलास तर डावीकडे पड. उजवीकडे समुद्र आहे."

"पडणार नाही."

"मे महिन्यातही हेच म्हणाला होतास."

मे महिन्यात येल्टेचं हृदय कचेरीच्या जिन्यावर बंद पडता पडता राहिलं होतं. पुन्हा बिघडलं तर दुरुस्ती नाही, हे डॉक्टरांनी जुन्या पंपाबद्दल बोलावं तितक्या मायेनं सांगितलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मग नियम घालून दिला. समुद्राच्या बांधावरून कचेरीपर्यंत चौदा किलोमीटर, सायकलनं. दोन दिवस जायचं, तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. "हृदय सायकलवर बळकट होत नाही," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी अंथरुणात होतं." तीस वर्षं फायलींआड डुलक्या काढलेल्या येल्टेला हे शास्त्र तत्काळ पटलं.

बांधावर अजून उजाडलं नव्हतं. चिखलाचा, शेवाळाचा, ओल्या मेंढ्यांचा वास येत होता आणि वारा समोरून भिंतीसारखा उभा होता. मेंढ्या अडवायला बांधावर घातलेल्या फाटकांपैकी तिसऱ्याशी येल्टेच्या छातीत धाप मावेना. तेवढ्यात पुढे एक पाठ दिसली. करडा रेनकोट, डोक्यावर टोपी, संथ पाय. येल्टेनं आपलं चाक त्या चाकामागे लावलं.

वारा थांबला. कमी झाला नाही, थांबलाच. दोन्ही कडांचं गवत जमिनीला टेकलं होतं, खाली समुद्र आपटत होता; पण येल्टेच्या कोटाची कड हलत नव्हती. देवळात शिरल्यावर कानांना वाटतं तशी शांतता होती. त्याचं हृदय हळूहळू निवलं. एवढी विशाल पाठ आपण कधी पाहिली नव्हती, असं त्याला वाटलं. आणि माणूस तर किरकोळ अंगाचा होता.

त्या मुलखात वाऱ्यालाही शिस्त आहे. अनोळखी माणसाच्या सायकलीमागे आडोशाला खुशाल राहावं, मात्र पुढच्यानं कोपर हलवलं की आपण पुढे व्हायचं आणि वारा छातीवर घ्यायचा. पोरांना पाढ्यांआधी हे येतं. येल्टेनं आपण होऊन पाळी घेतली नाही. आजाऱ्याला सूट असते, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. कचेरीत पोसलेल्या माणसाला स्वतःपुरतं परिपत्रक काढायला वेळ लागत नाही.

तीन आठवडे असेच गेले. पाठ दर खेपेला तिसऱ्या फाटकाशी असायची. येल्टेचा घेर उतरला, जिना एका दमात चढता येऊ लागला. दफ्तरखान्यातली हिस्के स्वतः कर्करोगातून उठून नुकतीच कामावर आली होती. ती म्हणाली, "काय रे, कुणाचं रक्त पितोस? गालांवर लाली आलीये."

मग एका मंगळवारी, वादळी पहाटे, त्या पाठीनं कोपर हलवलं.

"मला... जमणार नाही," येल्टे पुटपुटला. "माझं हृदय..."

कोपर पुन्हा हललं. करडा रेनकोट बाजूला सरला आणि हळूहळू त्याच्या शेजारून मागे जाऊ लागला. टोपीखालचा चेहरा दिसला नाही. दिसली फक्त कललेली मान. कित्येक वर्षांनी डोळा लागलेल्या माणसाची असते तशी, निश्चिंत.

वारा छातीवर आदळला. येल्टेनं दात आवळले. आता फुटेल, आता फुटेल, असं प्रत्येक पायडलला वाटत होतं. पण हृदय चालत राहिलं, थोरल्या घंटेसारखं. बांध संपतो त्या पुलाशी पोचून त्यानं मागे पाहिलं. बांध रिकामा होता. मेंढ्या तेवढ्या उठून उभ्या होत्या, सगळ्या त्याच्याकडे तोंड करून.

बुधवार त्यानं नियमाप्रमाणे अंथरुणात काढला.

गुरुवारी मात्र पाय शिशासारखे जड होते. कसाबसा तो कचेरीत पोचला, तर हिस्के कॉफीचा पेला घेऊन समोर आली.

"काल तू नसतास तर मी परत फिरले असते बघ."

"काल?"

"बांधावर रे. पहिल्यांदाच सायकल काढली आणि हा वारा! आलास, पुढे झालास, एक शब्द नाही. तुझ्या मागे काय निवांत वाटलं..."

"हिस्के, काल मी घरी होतो. झोपून."

"बरं, असू दे. पाठ ओळखते मी तुझी." ती हसली, मग तिचा आवाज खाली आला. "एवढंच सांग... ते बाकीचे कोण होते?"

"कोण बाकीचे?"

"माझ्यामागे. वळून बघायचा धीर नाही झाला मला. पण साखळ्यांचा आवाज येत होता येल्टे... गावापासून पुलापर्यंत. शेकड्यांनी असतील. आणि सगळे जण... झोपेत घेतात ना, तसा श्वास घेत होते."