पायथा कापलेले खांब

"नवरा गेला, ते मी सोसून राहिली. पण तो खोटारडा होता, हे नाही सोसवत," पौर्णिमा म्हणाली.

उद्धव मास्तर उगाच चष्मा पुसू लागले. गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ अमरावतीत चारुता दंडे यांच्या कचेरीत शेजारधर्माने एकदा चहाला आले आणि तिथलेच झाले. चारुताबाईंचा खाजगी तपासाचा व्यवसाय. त्यांची अक्कल घोड्यावरून जायची आणि मास्तरांची बैलगाडीतून. पण दुसऱ्याच्या दुःखापाशी मास्तर आधी पोचायचे.

पौर्णिमाचा नवरा नितेश चांदूर बाजारच्या एका शेतकरी कंपनीचा हिशेबनीस होता. कंपनीची स्वतःची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, होती. ती वाढवायला मुंबईचे गुंतवणूकदार हवे होते, आणि त्यांच्यापुढे अकोल्याच्या एका हॉटेलात नितेशने सादरीकरण केलं. पडद्यावर उत्पन्नाचा चार्ट आला. पाच वर्षं, पाच खांब, जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढते.

पाहुण्यांमधल्या एका बाईंनी हातातल्या ताळेबंदाशी ताडून पाहिलं. एकाही खांबाची उंची जुळेना. शिवाय उभी पट्टी शून्यापासून नव्हे, चाळीसपासून सुरू होत होती. पायथाच कापल्यामुळे बोटभर वाढ हातभर दिसत होती. "ही फसवणूक आहे," असं म्हणून पाहुणे उठले. महिनाभरात नितेशच्या छातीत कळ आली आणि अडतिसाव्या वर्षी माणूस संपला.

"रविवारी कंपनीची सभा आहे. नितेशनं आकडे खोटे केले, असा ठराव लिहिणार हायेत," पौर्णिमा म्हणाली. "माही पोरगी त्याच गावात शाळेत जाते, ताई."

तिने सादरीकरणाची छापील पानं टेबलावर ठेवली. चारुताबाईंनी ती सावकाश पाहिली. खर्चाचा चार्ट, भावाचा चार्ट, सगळे शून्यापासून. प्रत्येक खांबावर आकडा, खाली तो कुठून घेतला याची ओळ. फक्त चौथं पान वेगळं. खांबांवर आकडे नाहीत, पायथा कापलेला. खाली एवढंच: 'आर्थिक वर्षानुसार'.

"मास्तर, या पानावरचा हात वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

चांदूर बाजारात आधी कंपनीतला विपुल भेटला. नितेशच्या खुर्चीवर आता तोच बसत होता.

"जागा मले भेटली म्हणून मीच चोर काय?" तो फटकन बोलला. "उलट मीच त्याले म्हटलं, मूळ फाइल उघड अन् दाखव. दोन मिनिटांचं काम होतं. तो पडद्याकडं पाहतच राहिला. मंग म्हणे, चार्ट माझाच आहे."

"आदल्या दिवशी लॅपटॉप कुठे होता?"

"त्याच्यापाशीच. सकाळीच घेऊन गेला अकोल्याले, सासऱ्याकडं मुक्कामी."

अध्यक्ष मोतीराम वयस्क शेतकरी होते. रागापेक्षा त्यांच्या बोलण्यात हळहळ जास्त होती.

"पहिला चार्ट मी पाह्यला होता, बाई. मधला खांब बसका होता. म्हटलं राहू दे, खरं हाय ते. त्या साली भावाच्या आशेनं लोकायनं कापूस घरातच ठेवला. अखाजी झाली, एप्रिल सरला तरी घरात कापूस. मंग पोरानं कायले बदलला, देव जाणे."

"तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"मले फोनवरचा फोटो उघडता येत नाही."

निघताना चारुताबाईंनी त्यांच्याकडून पाच वर्षांचं आणि पुढच्या सहा महिन्यांचं महिन्या-महिन्याचं उत्पन्न मागून घेतलं. हे कशाला, ते मास्तरांना कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली.

अकोल्यात पौर्णिमाचे वडील रामराव भेटले. जन्मभर एका जिनिंगचे मॅनेजर होते. घरात कॉम्प्युटर होता. कपाशीच्या भावाचे तक्ते ते अजूनही हौसेने करत.

"जावाई नव्हता, लेक होता," ते म्हणाले. "मुहूर्ताची वाट न पाहता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न लावलं. म्हटलं, वर्षाच्या आरंभालेच घरात पोरगा आला."

"मुक्कामाला आला त्या दिवशी काय झालं?"

"काय होणार? दमला होता. जेवला अन् झोपला."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. मास्तरांचेही भरले. मास्तरांना तेवढंच जमायचं.

शनिवारी चारुताबाईंनी पौर्णिमालाही रामरावांच्या घरी बोलावलं. चौघं बसली. चौथं पान मध्ये ठेवलं होतं.

"फसवणारा माणूस आकडे मनाने लिहितो," चारुताबाई म्हणाल्या. "हे मनाचे नाहीत. मी महिन्यांच्या बेरजा एप्रिल ते मार्च न करता ऑक्टोबर ते सप्टेंबर केल्या. पाचही खांबांची उंची जुळली."

"असं वर्ष कोण धरतं?" मास्तरांनी विचारलं.

"कपाशीचा हंगाम, मास्तर. जिनवाल्याचं वर्ष दसऱ्याला लागतं. अखाजीनंतर, म्हणजे मार्च उलटल्यावर विकलेला कापूस ताळेबंदात पुढच्या वर्षात जातो, म्हणून तो खांब बसका. हंगामाने मोजलं की तोच उभा राहतो. बदलणाऱ्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याच्या लेखी हेच खरं होतं. चढ नीट दिसावा म्हणून त्याने पायथा कापला, आणि खालची 'आर्थिक वर्षानुसार' ही ओळ बदलायची राहिली."

पौर्णिमा हातातला रुमाल पिळत होती.

"विपुलला घात करायचा असता तर त्याने सरळ खोटे आकडे टाकले असते, मूळ फाइल उघड म्हणून मागे लागला नसता. मोतीरामांना ते येत नाही. आणि नितेश? स्वतः बदलून 'आर्थिक वर्ष' लिहिण्याइतका तो कच्चा नव्हता. मूळ चार्ट हाताशी असून त्याने उघडला नाही. कारण पडदा पाहताच त्याने ओळखलं, हे कुणी केलं. विपुलसाठी त्याने शिव्या खाल्ल्या नसत्या. दसऱ्याचं लग्न वर्षाच्या आरंभाला झालं असं म्हणणाऱ्या माणसासाठी खाल्ल्या."

मास्तरांना आता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं.

रामरावांनी चौथं पान उचलून हातात घेतलं.

"तो झोपला होता," ते म्हणाले. "म्हटलं, मुंबईच्या लोकायले बसका खांब दिसला, तर ते उलटंच समजतीन. महिन्यांचे आकडे त्याच फाइलीत होते. सकाळी सांगाचं होतं, पण त्याले हॉटेलात जायची घाई झाली अन् राहून गेलं."

"अन् मंग, बाबा?"

"त्याचा फोन आला. मी म्हटलं, मी येऊन सांगतो सगळ्यायले. तर म्हणे, बाबा, नका सांगू. या वयात तुमाले कोणी खोटं म्हटलं, तर पौर्णिमाले सोसवणार नाही." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तो गेल्यावर तुह्या तोंडाकडं पाहून माही हिंमत झाली नाही, माय."

पौर्णिमा रागावली नाही. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"मलेही नाही सांगतलं त्यानं," ती एवढंच म्हणाली. मग तिने मोतीरामांचा नंबर लावला आणि फोन बापाच्या हातात दिला.

"मोतीरामभाऊ, मी रामराव. उद्या सभेत मले बोलाचं हाय. नितेश खोटा नव्हता. तो चार्ट..."

फोन कानावरून घसरला. फोन पडू नये म्हणून पौर्णिमाने बापाचा हात खालून धरला, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.