चार नंबरच्या खड्ड्यातली माती

तुम्ही यावर विश्वास ठेवावा, असा माझा आग्रह नाही. मी भूगर्भशास्त्र शिकले आहे. जे मोजता येत नाही, ते मी सहसा लिहीत नाही. पण हे घडलं आहे, आणि माझ्याच तोंडात घडलं आहे.

फेब्रुवारी २००६. दुपारचे चार. चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं माळरान.

एका कंपनीला कपबशांसाठी पांढरी चिनी माती हवी होती. ती किती आहे, किती शुद्ध आहे, हे मी सांगायचं. माझ्या अहवालावर खाण ठरणार होती.

चार नंबरचा खड्डा अकरा फूट खोल गेला होता. गाडीच्या वाटेत येणारं मोहाचं झाड आठवड्यापूर्वीच पाडलं होतं. नकाशात त्यावर फुली मीच मारली होती.

मी तळाशी उतरले. माती पिठासारखी पांढरी.

आमच्या कामात एक जुनी पद्धत आहे. चिमूटभर माती पुढच्या दातांनी चावून बघायची. कचकचली तर रेती. लोण्यासारखी लागली तर शुद्ध.

मी चावली.

लोण्यासारखी होती... आणि कोमट.

इतक्या खोलवरची माती गार असते.

मग चव आली. नासलेल्या दुधाची. तान्ह्या बाळाने खांद्यावर ओकलेल्या, वाळून आंबलेल्या दुधाची.

"थुका म्याडम!" वर पाट्या ओढणारी मंगली ओरडली. "तोंडात कायले घातली?"

"मातीच आहे, मंगली."

तिने पाटी खाली ठेवली.

"आमी मेलेलं तान्हं लेकरू मोहाखाली पुरतो. मोहाचं दूध पेते म्हून. माही पोरगी बी तिथंच होती. नऊ महिन्यांची. वीस वर्सं झाली."

"पण झाड तर तीस पावलं लांब होतं."

"रांगाले लागली होती ना, म्याडम."

कंपनीचा माणूस चुन्नीलाल खो-खो हसला. "झाड पाडलं तं भूक लागली असंन तिले! चलो, थैली भरो. माल एक नंबर आहे."

मी थुंकत राहिले. आणि तेव्हा खड्ड्याच्या भिंतीतून आवाज आला...

चुक्... चुक्... चुक्...

वहीत मी लिहिलं, पाणी झिरपते.

भिंत कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या माझ्या खोलीत नमुना धुतला. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळायची आणि वर उरेल ते तोलायचं. बहुधा रेतीचे कण उरतात, अभ्रकाच्या चकत्या उरतात.

चकत्या होत्या. पातळ, पारदर्शक, तांदळाच्या कणीएवढ्या.

सगळ्यांना एकच बाक होता.

एक चिमट्याने ज्योतीवर धरली. अभ्रक जळत नाही.

ती आक्रसली... आणि खोलीभर जळक्या नखाचा वास सुटला.

मी मोरीत ओकले. पोटात सकाळपासून फक्त काळा चहा होता.

ओकारी पांढरी होती.

अहवालात मी रेतीचं प्रमाण तिप्पट लिहिलं. माती निरुपयोगी. मी दिलेला तो एकच खोटा आकडा. मंगलीची पोर निदान त्या जमिनीत तरी राहावी, एवढंच मनात होतं.

कंपनीने दुसरीकडून तपासणी करून घेतली. तिथे त्या चकत्या सापडल्या नाहीत. माती उत्तम ठरली आणि खाण सुरू झाली.

दोन वर्षांनी चुन्नीलाल गोंदियाच्या बाजारात भेटला.

"ते मंगली याद आहे? माती धुवाच्या हौदावर लागली आता. चाळणीवरचा कचरा कोणाले हातच लावू देत नाही. पगली! रोज पदरात बांधून घरी नेऊन राहिली."

"काय असतं त्यात?"

"रेती. म्या सोता पाह्यली."

तो या वेळी हसला नाही. आजूबाजूला बघून त्याने आवाज उतरवला.

"पन म्याडम... तिचं पोलकं समोरून ओलं राह्यते. बाया म्हणतेत, दूध आहे. पन्नाशी झाली तिची."

 माझ्या तोंडात लाळ भरत चालली होती... कोमट, आंबलेल्या दुधाची.

भर बाजारात ती थुंकायची हिंमत झाली नाही. ओठ घट्ट मिटून मी तशीच उभी राहिले.