लोटूचा उपास

दारात नारळ घेऊन उभा असलेला तो परका मुलगा मला म्हणाला, "उपासवाले महाराज इथंच राहतात ना?"

"महाराज नाही, ससा आहे," मी म्हटलं. "आणि नारळ फोडायला त्याला येत नाही."

तो हसला... असा हसला की माझ्या हातातली परात वाकडी झाली, दाणे सांडले. बहादरपूरचा गिरधर तो. घरची कपाशी. आईनं नवस बोलून पाठवलेला.

लोटूचं असं झालं. रेल्वेतल्या साहेबाची मडम विलायतेला परत निघाली, तेव्हा हा पांढरा ससा माझ्या बापाच्या हवाली करून गेली. भाद्रपद सरत आला तसे त्याचे केस झडू लागले. घरभर केस, भाकरीवर केस. मग त्यानं चाऱ्याकडे पाठच फिरवली. नेमके घट बसलेले! माझी आत्या धुरपदाबाई, तिनं सांगून टाकलं, "नवरात्र धरलंय त्यानं. इच्छादेवीचा भगत आहे." झालं! आमच्या राजपुऱ्यातल्या बाया हळदकुंकू घेऊन हजर. त्यात त्याच्या लेंड्या केसात ओवल्यासारख्या पडायच्या, एकीला एक लागून. बाया म्हणाल्या, जपमाळ ओढतो! आत्याचा हुकूम सुटला — कोणी हात लावायचा नाही, घास दाखवायचा नाही, व्रत मोडेल.

पण मी चोरून त्याला मांडीवर घ्यायची ना. पोट दगडासारखं, अंग मात्र पिसासारखं हलकं. मेला असता तर बायांनी देऊळ बांधलं असतं. मला देऊळ नको होतं, ससा पाहिजे होता.

"ही घ्या तुमच्या महाराजांची जपमाळ," मी गिरधरला म्हटलं.

त्यानं नाक नाही मुरडलं. काडीवर घेऊन उन्हात धरली. "ओवलीय कशात?"

"त्याच्याच केसात. दिवसभर अंग चाटतो, मग झडलेले केस..." मी मध्येच थांबले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पोट केसांनीच भरलेलं, भुकेला जागा कुठली!

"मग विंचरा ना."

"आत्या विंचरू देईल तं ना!"

गिरधर ओट्यावरच्या आत्याकडे वळला. "आत्याबाई, देवीची वेणीफणी रोज होते. भगताची काहून नाही?"

आत्याच्या हातातली माळ थांबली. "...खरं बोलतो पोरगा. कर गं कोकिळे."

मी माझीच फणी आणली. त्यानं लोटूला धरलं, मी विंचरू लागले — आणि काय सांगू! केस नाही, आभाळच सुटलं. ओट्यावरच्या उन्हात पांढरं पांढरं तरंगत राहिलं, गिरधरच्या पापणीवर बसलं, माझ्या ओठाला लागलं. खालून नवं अंग उघडं पडत होतं, दुधावरच्या सायीसारखं. जुन्याच्या आत नवं असं तयार होऊन बसलेलं असतं, ते मी तेव्हा पाहिलं.

मग तो रोज यायचा, तापीकाठच्या ओल्या दूर्वा घेऊन. "नारळ फोडला का, ते विचारायला आलो."

"इतक्या लांबून?"

"आमच्या बैलांनाही तुमचं दार माहीत झालं."

एका सकाळी लोटूनं गिरधरच्या तळहातावरची दूर्वा हुंगली. नाक हललं... थांबलं... आणि मग तो आवाज — कुरकुर, कुरकुर. बाया, आत्या, मी, सगळ्या पुढे वाकलो. साधं गवत खाणं, पण अंगावर काटा आला माझ्या.

"व्रत मोडलं!" आत्या किंचाळली.

"दूर्वाच आहे, आत्याबाई. अन्न कुठं खाल्लं?" गिरधर म्हणाला.

तेवढ्यात आत्याची नजर माझ्या ताटावर गेली, भाकरी तशीच.

"आणि तू गं? हा पोरगा यायला लागला तशी तुझी भूक कुठं गेली? तुझेही केस झडतात काय?"

माझ्या जिभेला सारा राजपुरा भिऊन असे, आणि मी लोटूच्या कानामागं फणी फिरवू लागले.

गिरधरचे कान लालभडक. "आत्याबाई... बहादरपूरला माझी आई पण मला हेच विचारते."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बस झालं. दसऱ्याला तुझ्या आईला पाठव. दोघांचा उपास एकदमच सोडवू."

गिरधरनं खाली वाकून माझ्या भाकरीवरचा एक पांढरा केस अलगद उचलला.

"आता जेवा," हळूच म्हणाला.

मी जेवले... आणि वर दुसरी भाकरी मागितली.