मयत बोरकुटे यांचा चहा

हर्षला बोरकुटे मंगळवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी वारली. हे वाक्य तूर्त विसरू, कारण सव्वासहाला ती चहा पीत होती आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरतही होती.

शाळेत भूगोल शिकवता शिकवता हर्षलाला फिट आली. आदल्या दिवशी एक गोळी चुकली होती, तेवढंच निमित्त. दवाखान्याच्या दारातच निदानयंत्राने तिच्या बोटातून रक्त घेतलं. लॅक्टेट चौदा, सामू सात पूर्णांक शून्य पाच. यंत्राचं सगळं शिक्षण जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांच्या रक्तावर झालेलं. त्यांच्यात एवढं आम्ल म्हणजे खेळ आटोपला. नातेवाइकांची धावपळ वाचावी म्हणून यंत्राने मृत्यूचा दाखला आगाऊच काढून दिला.

"अहो डॉक्टर, ही तर घोरतेय!" हर्षलाची आई दाखला हलवत म्हणाली.

"घोरू द्या," डॉ. इंगोले म्हणाले. "फिटमध्ये सगळे स्नायू एकदम पळत सुटतात. प्राणवायू पुरत नाही, लॅक्टेट साठतं, रक्त आंबतं. तासा-दोन तासांत शरीरच ते साफ करतं. आपण फक्त थांबायचं."

"मग यंत्र का नाही थांबलं?"

"त्याच्यापुढे रांग होती."

सहा वाजता पुष्पलता सिस्टरने पुन्हा रक्त तपासलं. लॅक्टेट दीड. यंत्राने उत्तर दिलं : मृताचे रक्त सुधारत नाही. नमुना दुसऱ्याचा. संबंधित परिचारिकेची चौकशी व्हावी.

"बाई गं, तू आता परत मर," सिस्टर म्हणाली. "नाहीतर माझी नोकरी जाते."

हर्षला खो खो हसली. चहा संपवून ती गोळ्यांच्या पेटीपाशी गेली. औषधं आता अंगठ्यावरच मिळायची, अख्ख्या जिल्ह्यात. तिने अंगठा टेकवला.

'दिवंगत व्यक्तीस औषध देता येत नाही. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.'

"माझ्या अंगठ्यावर द्या की," आई म्हणाली.

"तुम्हाला कुठे फिट येते, मावशी?" सिस्टर म्हणाली.

"मग डॉक्टर, तुम्ही इंजेक्शन द्या."

"तेही त्याच पेटीत आहे."

आईने विचारलं, "एक गोळी चुकली तर हे झालं. दोन चुकल्या तर?"

डॉक्टर म्हणाले, "मग कधीकधी फिट थांबतच नाही." त्यांनी दाखल्याकडे पाहिलं. "आणि मग ह्यात काही चूक उरत नाही."

दुरुस्तीचा अर्ज करता येत होता. फक्त अर्जदार नोंदीनुसार हयात हवा. तरीही हर्षलाने डॉक्टरांचं पेन घेतलं आणि दाखल्याच्याच मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'महोदय, अधोस्वाक्षरीकर्ती काल दुपारपासून मृत आहे, याबाबत तिची तक्रार नाही. तरी आज सकाळच्या एका गोळीपुरते तिला जिवंत समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'

"अगं, काल नाही, आज दुपारी," आई म्हणाली.

"अर्ज उद्याच वाचतील ना, आई," हर्षला म्हणाली, आणि खाली सही केली : आपली विश्वासू, कै. हर्षला बोरकुटे.